वसईच्या तटावर पुन्हा एकदा

वऱ्हाडला समुद्र नाही. तेथील मुलाला दूरवर पसरलेले काही पाहावयाचे असेल, तर ते म्हणजे काळ्या मातीत फुललेले कपाशीचे रान. अमरावतीच्या परकोटाच्या आत, अंबागेटापासून हाकेच्या अंतरावर ज्याचे बालपण गेले, अशा एका मुलाने वयाच्या बाराव्या वर्षी शाळेच्या सहलीत समुद्र पहिल्यांदा पाहिला. तो पाहिला वसईच्या किल्ल्याच्या तटावरून. पाण्याचा तो अफाट विस्तार पाहून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. गुरुजींनी त्या वेळी चिमाजी आप्पांच्या पराक्रमाची कथा सांगितली. ती ऐकता ऐकता मुलांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. लाटांचा आवाज आणि विजयाची कथा ही दोन्ही बरोबर घेऊन तो मुलगा वऱ्हाडात परतला.

त्या गोष्टीला पन्नास वर्षे लोटली. तो मुलगा आता आजोबा झाला आहे. आपल्या सहावीतल्या नातीला समुद्र दाखवावा आणि आपणही वसई पुन्हा पाहावी, अशा हेतूने त्यांनी पुन्हा तीच वाट धरली.

रात्रीची मुंबईची गाडी बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाकून अकोल्याच्या फलाटावर उभी राहिली. पहिल्या प्रवासात अकोला केव्हा आले आणि केव्हा गेले, हे मुलांना कळलेही नव्हते. या खेपेस मात्र आजोबांनी खिडकीतून उत्तरेच्या अंधाराकडे बोट दाखविले.

“बाळ, या बाजूला अडगाव नावाचे गाव आहे. हे नाव लक्षात ठेव. वसईला पोहोचल्यावर त्याची आठवण करावी लागेल.”

“अकोल्याजवळचे गाव आणि वसई? त्यांचा काय संबंध, आजोबा?” नातीने विचारले.

आजोबा नुसते हसले. गाडी सुटली.

दादरला उतरून दोघे लोकलने निघाले. भाईंदर सोडल्यावर गाडी वसईच्या खाडीवरील लांब पुलावर आली. खाली भरतीचे पाणी चमकत होते आणि दूर समुद्राकडे कोळ्यांच्या होड्या दिसत होत्या. वसई रोड स्थानकावरून बस गावातून, केळीच्या आणि नारळीच्या वाड्यांतून पुढे गेली. अखेर झाडीच्या माथ्यावर काळसर दगडी तट दिसू लागला.

वसईचा किल्ला म्हणजे केवळ लष्करी ठाणे नव्हे. ते तटबंदीने वेढलेले एक संपूर्ण नगर होते. इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांना दिली. दमणपासून दक्षिणेकडे पसरलेल्या आपल्या उत्तर प्रांताचे मुख्य ठिकाण पोर्तुगिजांनी येथे थाटले. तटाच्या आत उमरावांचे वाडे, न्यायकचेरी, मठ, देवालये आणि रस्ते होते. दोनशेहून अधिक वर्षे या नगरात वैभव नांदले. आज मात्र आत शिरताच दृष्टीस पडतात त्या छप्पर उडालेल्या भिंती, कमानींत रुजलेले पिंपळ आणि अंगणांत वाढलेले ताड. संत जोसेफ यांच्या चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. तेथील शिलालेखावर १६०१ हे साल कोरलेले आहे.

आजोबांनी नातीला प्रथम तटाची रचना दाखविली. वऱ्हाडातील किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल असतात. वसईचे बुरूज बाणाच्या टोकासारखे कोन करून तटाबाहेर डोकावतात. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी शत्रू पोहोचला, तर तो वरच्या शिपायांच्या नजरेआड होतो. कोनाच्या बुरुजाच्या दोन्ही बाजू मात्र शेजारच्या बुरुजांवरून सरळ दिसतात. त्यामुळे शत्रूला दडावयास जागा उरत नाही. जमिनीकडील दरवाजाही असाच विचारपूर्वक बांधलेला आहे. बाहेरील दार ओलांडले, तरी समोर सरळ वाट मिळत नाही. वळण घेऊन दुसऱ्या दाराशी यावे लागते. धावून येणाऱ्या फौजेचा वेग तेथेच मोडावा, ही त्यातील योजना.

किल्ल्याच्या बहुतेक बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. सैन्य आणून वेढा घालावयाचा, तर तो उत्तरेकडील जमिनीवरूनच घालणे शक्य. मराठ्यांनी तेच केले. इ. स. १७३७ मध्ये थोरले बाजीराव पेशवे यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली वसईची मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी ठाणे हाती आले. परंतु वसईने दाद दिली नाही. इ. स. १७३९ च्या प्रारंभी किल्ल्याभोवतीचा वेढा आवळला गेला. मराठ्यांनी रेताड जमिनीतून खंदक खणीत तटाच्या पायापर्यंत वाट काढली आणि बुरुजांखाली सुरुंग पेरले. वरून तोफांचा आणि बंदुकींचा मारा सतत चालू होता. हजारो वीर पडले. अखेरीस मे महिन्यात सुरुंगांनी तटाला खिंडारे पडली. मराठे निकराने आत घुसू लागले आणि पोर्तुगिजांनी पांढरे निशाण दाखविले.

“मग मराठ्यांनी त्यांना काय शिक्षा केली?” नातीने उत्सुकतेने विचारले.

“शिक्षा केली नाही,” आजोबा म्हणाले. “चिमाजी आप्पांनी त्यांच्या सैन्याला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर जाऊ दिले. ज्यांना गाव सोडावयाचे होते, त्यांना आपली चीजवस्तू नेण्याची मुभा मिळाली. जे राहतील, त्यांनी आपला धर्म आपल्या रीतीने पाळावा, असे ठरले.”

ते वचन वाया गेले नाही, याची साक्ष आजची वसई देते. तेथील ख्रिस्ती समाज वाडवळी, सामवेदी अशा मराठीच्या बोली घरात बोलतो. वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे इ. स. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईच्या विजयाची आणखी एक आठवण महाराष्ट्रात अन्यत्र ऐकू येते. तेथून आणलेल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी ठिकठिकाणच्या देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक होय.

पन्नास वर्षांपूर्वी ही कथा येथेच संपली होती. मुलांनी जयघोष केला होता आणि शिदोऱ्या सोडल्या होत्या. परंतु प्रवासी पुन्हा त्याच जागी येतो, तेव्हा जागा तीच असली तरी पाहणारा तो राहिलेला नसतो. मधल्या काळात आजोबांनी पुष्कळ वाचले होते, आपल्या वऱ्हाडचा इतिहास समजावून घेतला होता. त्यामुळे या खेपेस त्यांना त्या तटाच्या आत दुसरीही एक घटना दिसत होती. समुद्राकडील दरवाजाजवळ एका दगडावर बसून त्यांनी ती सांगावयास आरंभ केला.

इ. स. १८०० मध्ये नाना फडणवीस निवर्तले. दौलतीला सांभाळून नेणारा शहाणा माणूस गेला. शिंदे आणि होळकर या दोन पराक्रमी सरदारांत वैर पेटलेले होते. दुसरे बाजीराव पेशवे यांनी ते मिटविण्याऐवजी वाढविले. यशवंतराव होळकरांचे बंधू विठोजी यांना १८०१ मध्ये पुण्यात क्रूरपणे ठार करण्यात आले. पुढे यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ मोठी लढाई झाली. तीत एका बाजूला मराठे होते आणि दुसऱ्या बाजूलाही मराठेच होते. पेशवे पुणे सोडून कोकणात पळाले आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईस येऊन पोहोचले.

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची सहा हजार पायदळाची फौज पेशव्यांनी आपल्या राज्यात ठेवावी, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा आणि इंग्रजांना विचारल्यावाचून दुसऱ्या कोणाशीही बोलणे करू नये, अशी त्या तहाची मुख्य कलमे होती. अशा फौजेला तैनाती फौज म्हणत. नावाला ती पेशव्यांच्या रक्षणासाठी होती. वस्तुतः तिच्यामुळे पेशव्यांचे स्वातंत्र्य संपले.

नात बराच वेळ तटाकडे पाहत राहिली. मग तिने हळूच विचारले, “आजोबा, १७३९ मध्ये हाच तट होता ना?”

“होय.”

“आणि १८०२ मध्येही हाच?”

“हाच.”

“मग एवढा भक्कम तट जिंकून घेणाऱ्यांना त्याच तटाच्या आत बसून भीती कशाची वाटली?”

आजोबा काही क्षण बोलले नाहीत. याच प्रश्नासाठी ते एवढ्या दूर आले होते.

“बाळ, तट बाहेरच्या शत्रूसाठी असतो,” ते म्हणाले. “घरातल्या भांडणाला तो अडवू शकत नाही. पहिल्या वेळी आपली माणसे तटाच्या बाहेर होती. पण ती एकजुटीने लढत होती. त्रेसष्ट वर्षांनी आपला पेशवा तटाच्या आत होता. पण आपली माणसे त्याच्याबरोबर नव्हती. दगड तेच राहिले. मने बदलली.”

“आणि अडगाव?” नातीला रात्रीचे नाव आठवले.

अडगावची कथा वसईच्या तहातूनच निघते. मराठी राज्याचा प्रमुख इंग्रजांच्या आश्रयाला गेला, ही गोष्ट शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना मान्य झाली नाही. त्यातून १८०३ मध्ये युद्ध उद्भवले. यशवंतराव होळकर त्या वेळी युद्धापासून दूर राहिले. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव करणारा वेलिंग्टन तो हाच. २३ सप्टेंबर रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. नंतर युद्ध वऱ्हाडात शिरले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव-शिरसोलीच्या मैदानावर भोसल्यांची फौज हरली.

तेथून इंग्रज मेळघाटातील गाविलगडाकडे वळले. चिखलदऱ्याजवळचा हा गड इ. स. १४२५ मध्ये बहामनी सुलतान अहमदशाह वली याने बांधविला. त्याच्या बाजूंना खोल दऱ्या आहेत. तोफा लावून हल्ला करता येईल, अशी वाट उत्तरेकडूनच. वसईप्रमाणे येथेही उत्तरेची बाजूच दुबळी होती. इंग्रजांनी डोंगरांतून अवजड तोफा ओढून त्या बाजूस आणल्या आणि बाहेरील तट फोडला. आतील तटाला शिड्या लावून ते वर चढले. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. पुढे होळकर एकटे इंग्रजांशी लढले. पण तेव्हा त्यांच्या साहाय्याला यावयास कोणी उरले नव्हते.

म्हणजे वसईच्या तहाला वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्याची किंमत समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या वऱ्हाडने मोजली. ज्या शेतकऱ्याने समुद्र कधी पाहिला नव्हता, ज्याने वसईचे नावही ऐकले नसेल, त्याची उभी पिके फौजांच्या पायांखाली गेली.

“आपल्या गावाच्या परकोटाचीही कथा येथूनच पुढे जाते,” आजोबा म्हणाले. युद्धानंतर मुलखात अंदाधुंदी माजली. घोड्यांवरून अकस्मात येऊन गावे लुटणाऱ्या पेंढाऱ्यांच्या टोळ्या सर्वत्र फिरू लागल्या. अमरावती ही व्यापाराची श्रीमंत पेठ होती. तिचे रक्षण व्हावे, म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये परकोट बांधावयास आरंभ केला. सुमारे सव्वादोन मैल घेराचा आणि वीस ते सव्वीस फूट उंचीचा तो दगडी तट होता. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे लहान दारे, ठेवण्यात आली. अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही प्रत्येक अमरावतीकराच्या तोंडी आहेत. त्यांतील एका खिडकीला खुनारी खिडकी असे नाव आहे. तिच्याजवळ झालेल्या झटापटीत पुष्कळ माणसे मारली गेली, म्हणून ते नाव पडले, असे सांगतात.

नातीला हे सारे नवे होते. ज्या गेटातून ती रोज शाळेत जात होती, त्याचा या समुद्राकाठच्या तटाशी काही संबंध असेल, हे तिच्या स्वप्नातही आले नव्हते.

इतक्यात डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण समुद्राकडील दरवाजातून आत आली. किल्ल्याला लागूनच किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही कोळ्यांची गावे आहेत. आजोबांनी तिला विचारले, “मावशी, रोज याच वाटेने येता?”

“होय बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही किल्ला पाहायला येता. आमची ही जायची यायची वाट.” आणि ती झपझप पुढे निघून गेली.

तिच्या त्या साध्या शब्दांनी आजोबा विचारात पडले. राजांचे, उमरावांचे नगर ओस पडले; तटाबाहेर जाळी विणणारे आणि मासळी विकणारे लोक मात्र अजून नांदत आहेत. अमरावतीतही काही निराळे घडले नाही. पेंढारी नाहीसे झाले, राज्ये पालटली. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाले. परकोट कोठे ढासळला, कोठे घरांच्या मागे झाकला गेला. पण त्याच्या आतील बाजारपेठ, शाळा आणि देवळे यांतील जीवन कधी थांबले नाही.

सूर्य मावळतीला आला. नात तटावरून समुद्राकडे पाहत होती. पन्नास वर्षांपूर्वी याच जागेवरून एका मुलाने पाहिलेला समुद्र तसाच होता. पण तो मुलगा येथून विजयाचा अभिमान घेऊन गेला होता. ही मुलगी अभिमानाबरोबर एक प्रश्नही घेऊन जाणार होती.

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे शाळेत निघाली. अंबागेटाखाली ती क्षणभर थांबली आणि तिने त्या जुन्या दगडावर हात ठेवला. बरोबरच्या मैत्रिणीने विचारले, “काय पाहतेस ग? दगडच तर आहेत.”

“दगडच आहेत,” ती म्हणाली, “पण ते का रचावे लागले, ते मला ठाऊक आहे. चल, वाटेत सांगते.”

स्वाध्याय

१. वसईचे बुरूज आणि वऱ्हाडातील किल्ल्यांचे बुरूज यांत कोणता फरक आहे? त्या फरकाचा उपयोग काय?

२. वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी पराभूतांना कसे वागविले? त्या वागणुकीविषयी तुम्हांस काय वाटते?

३. “दगड तेच राहिले. मने बदलली.” या वाक्यांचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. वसईच्या तहाचा वऱ्हाडवर कोणता परिणाम झाला, ते क्रमाने लिहा.

५. तुमच्या गावातील एखादी जुनी वेस, वाडा, बारव किंवा तट प्रत्यक्ष पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याची माहिती दहा-बारा ओळींत लिहा.